रुपयांत मोजलेला अनुशेष : शासकीय व्यय, अर्थसाहाय्य आणि चलनवाढ यांच्या संबंधाची एक चिकित्सा

शासकीय व्यय वाढला की चलनवाढ होते आणि चलनवाढ झाली की गुंतवणूक मागे हटते, हे प्रमेय अर्थशास्त्राच्या वर्गांतून इतक्या वेळा सांगितले जाते की, त्यातील मधले दुवे तपासून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. अर्थसाहाय्याच्या प्रत्येक नव्या योजनेच्या वेळी एका पक्षाकडून हे प्रमेय पुढे केले जाते. दुसऱ्या पक्षाकडून, गरिबाच्या हाती पैसा गेला की मागणी वाढते व मागणी वाढली की गुंतवणूक आपोआप येते, असे प्रत्युत्तर मिळते. दोन्ही पक्षांचे लक्ष एकाच दिशेने असते. व्ययाचा किमतींवर काय परिणाम होतो, एवढेच ते विचारतात. किमती वाढू लागल्यावर खुद्द शासकीय व्ययाच्या घडणीचे काय होते, हा उलट दिशेचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मराठवाड्याच्या दृष्टीने मात्र तोच अधिक महत्त्वाचा आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यास १९८४ सालच्या एका अहवालाइतके उपयुक्त साधन दुसरे नाही.

हा अहवाल म्हणजे प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील, प्रादेशिक असमतोलाविषयीच्या सत्यशोधन समितीचा अहवाल होय. समिती १९८३ साली नेमली गेली. तिने रस्ते, जलसिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य इत्यादी विकासक्षेत्रांत जिल्हा हा घटक धरला, राज्याची सरासरी हे प्रमाण मानले आणि त्या सरासरीपेक्षा जो जिल्हा जेवढा मागे असेल तेवढा त्याचा ‘अनुशेष’ ठरविला. ही तूट भरून काढण्यास किती खर्च येईल याचा हिशेब करून समितीने राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये असल्याचे दाखविले. त्यात मराठवाड्याचा वाटा ७५०.८५ कोटींचा होता. सर्वांत मोठी बाब अर्थातच जलसिंचनाची होती.

अहवालाची योग्यता वादातीत आहे. प्रादेशिक अन्यायाची भाषा त्याआधी सभांतून व ठरावांतून चालत असे. ती प्रथमच तपासता येईल अशा आकड्यांत आली. परंतु ज्या गुणामुळे हा अहवाल उपयुक्त ठरला त्यातच त्याचा दोषही आहे. मागासलेपण आधी हेक्टरांत, किलोमीटरांत, रुग्णालयातील खाटांत मोजले गेले आणि नंतर त्याचे रुपयांत रूपांतर झाले. पुढे शासनाच्या हाती, विधिमंडळाच्या चर्चेत आणि वृत्तपत्रांत उरला तो केवळ रुपयांचा आकडा. अनुशेष म्हणजे अमुक इतके पाणी किंवा अमुक इतका रस्ता, ही गोष्ट मागे पडून अनुशेष म्हणजे अमुक इतके कोटी असे समीकरण रूढ झाले. रुपया हे माप स्थिर असते तर या रूपांतराने काही बिघडले नसते.

ते माप स्थिर नसते, आणि ते कोणाच्या हातून हलते, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात सुवर्ण-विनिमय-परिमाणावर घेतलेला मुख्य आक्षेप असा होता की, त्या पद्धतीत रुपये पाडण्यावर कोणतेही स्वयंचलित बंधन राहत नाही आणि सर्व काही सरकारच्या विवेकावर सोपविले जाते. चलनाच्या निर्मितीवर कायद्याने मर्यादा घालावी, टांकसाळ जनतेला जशी बंद तशी सरकारलाही बंद असावी, अशी त्यांची मागणी होती. किमती चढतात तेव्हा वेतने त्यांच्या मागून रखडत येतात आणि म्हणून चलनवाढीचा लाभ ज्यांना होतो तो श्रमिकाच्या खिशातून होतो, हा त्यांच्या विवेचनाचा दुसरा धागा. (अमर्याद प्रतीक-चलनाचा या देशातील गाजलेला प्रयोग चौदाव्या शतकात, राजधानी दौलताबादेस नेणाऱ्या महंमद तुघलकाने केला आणि तो मागे घेताना खजिन्यातील सोने-चांदी मोजावे लागले, ही गोष्ट येथील विद्यार्थ्यांनी किल्ला चढताना आठवण्यासारखी आहे.)

१९२५ सालच्या प्रांतिक अर्थकारणावरील ग्रंथात बाबासाहेबांनी दुसरे अंग तपासले. १८३३ ते १८७१ या काळात खर्च करावयाचा प्रांतांनी आणि तिजोरी मात्र मध्यवर्ती सरकारची, अशी व्यवस्था होती. जो उत्पन्न उभे करीत नाही त्याला काटकसरीचे कारणही राहत नाही, हे तिचे पर्यवसान. हे दोन ग्रंथ सहसा वेगवेगळे वाचले जातात. एकत्र वाचले असता त्यांतून जो भेद निघतो तो प्रस्तुत विषयाच्या मुळाशी आहे : चलन निर्माण करू शकणारे शासन आणि ते करू न शकणारे शासन यांचा व्यय एकाच नियमाने तपासता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात तुटीच्या अर्थभरण्याचे साधन केंद्राकडेच होते. रिझर्व्ह बँक व केंद्र सरकार यांच्यातील १९५५ च्या व्यवस्थेनुसार तदर्थ कोषागार-विपत्रे काढली की केंद्राची शिल्लक आपोआप भरली जाई. ही पद्धत १ एप्रिल १९९७ पासून बंद झाली आणि २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यानुसार २००६ पासून रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे थेट खरेदी करण्यासही आळा बसला. राज्यांना हे साधन केव्हाच नव्हते. अधिकर्षाच्या मार्गाने काही राज्यांनी ते मिळविण्याचा प्रयत्न केला. तोही १९७२ नंतर क्रमाने नियंत्रित झाला. केंद्राचे कर्ज शिल्लक असलेल्या राज्याला राज्यघटनेच्या २९३ व्या अनुच्छेदानुसार केंद्राच्या संमतीवाचून नवे कर्ज काढता येत नाही. तेव्हा महाराष्ट्र शासनाने दिलेल्या अर्थसाहाय्यामुळे देशात चलनवाढ होते, असे सरसकट म्हणणे सैद्धांतिकदृष्ट्या कच्चे आहे. राज्याचा रुपया कोणाकडून तरी कररूपाने किंवा कर्जरूपाने आलेला असतो. तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो. या हस्तांतराने किमती वाढतील की नाही हे, नव्या हातातील पैसा कोणत्या वस्तूच्या मागे धावतो आणि ती वस्तू बाजारात आहे की नाही, यावर अवलंबून राहील.

१९७२-७३ चा दुष्काळ या दृष्टीने पुन्हा अभ्यासण्याजोगा आहे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी यांवर मराठवाड्यातील गावेच्या गावे लोटली होती. या कामांतून जी मजुरी वाटली गेली ती जवळजवळ सर्व धान्याच्या मागणीत उतरली. धान्य मात्र पिकलेले नव्हते. परदेशातून आलेला लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांच्या आठवणी अद्याप जुन्या पिढीकडून ऐकावयास मिळतात. रोख मजुरीच्या समोर धान्य उभे करण्याची ती धडपड होती. देशातील घाऊक किमती १९७३-७४ मध्ये सुमारे २० टक्क्यांनी व १९७४-७५ मध्ये सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. परंतु ही वाढ दुष्काळी कामांच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. बुडालेली पिके, ऑक्टोबर १९७३ नंतरचे खनिज तेलाचे दर आणि केंद्राची तूट ही तिची कारणे होती. मजुरांच्या दृष्टीने पाहिले तर महत्त्वाची गोष्ट वेगळीच दिसते : मजुरीचा दर रुपयांत ठरलेला होता आणि ज्वारी रुपयांच्या पुढे धावत होती.

याच अनुभवातून रोजगार हमी योजना दृढ झाली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली तासगाव भागात तिचा प्रयोग झाला होता. १९७२ पासून ती राज्यभर आली, १९७७ साली तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या अर्थभरण्याची रीत अभ्यासकांच्या कौतुकास पात्र ठरली आणि ते कौतुक योग्यच होते. १९७५ च्या कायद्याने व्यवसाय-कर बसविण्यात आला, मोटारी, विक्रीकर व बागायती जमीन यांवर जादा आकार आले आणि जेवढे उत्पन्न या करांतून येईल तेवढीच भर शासनाने घालावयाची असे ठरले. मुंबईतील पगारदाराच्या वेतनातून कापलेला रुपया बीड-उस्मानाबादच्या माळरानावर खर्च होणार होता. चलनवाढीचा धोका कमीत कमी ठेवून पुनर्वितरण साधणारी याहून सुबक योजना शोधणे कठीण. आणि पाझर तलावातून पुढे विहिरींना पाणी वाढले तर धान्यही वाढणार, म्हणजे आजच्या मागणीच्या समोर उद्याचा पुरवठाही उभा राहणार होता.

तथापि या योजनेलाही रुपयांच्या मापाने गाठलेच. व्यवसाय-कराची कमाल मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदात आरंभी वर्षाला २५० रुपये होती. ती १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० रुपये झाली आणि पुढे २०२५ सालापर्यंत जागची हलली नाही. पगार वाढत गेले, कर तेथेच राहिला. दुसऱ्या बाजूला १९८८ साली किमान वेतनात मोठी वाढ झाली व हमीची मजुरीही तिच्याबरोबर वाढली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वाढीनंतर काम मिळण्यावर अप्रत्यक्ष मर्यादा आल्याचे दाखविले. हमी कायद्यात कायम राहिली. कामे कमी निघाली. मजुराला दिलेले वचन श्रमदिनांत होते, त्यामागची तरतूद रुपयांत होती, आणि दोहोंत विरोध येताच रुपयाने मर्यादा ठरविली.

अनुशेषाची कथा याच वळणाने गेली. १९८४ नंतर अनुशेष-निर्मूलनासाठी स्वतंत्र तरतुदी होऊ लागल्या. प्रतिवर्षी जेवढे कोटी खर्च पडतील तेवढ्यांनी मूळ आकडा कमी झाला असे मानण्याची प्रवृत्ती वाढली. परंतु १९८१-८२ हे आधारवर्ष धरलेला घाऊक किंमत निर्देशांक १९९३-९४ मध्ये सुमारे २४८ झाला होता. म्हणजे ज्या कामाला समितीच्या काळी एक रुपया लागला असता त्याला दहा-बारा वर्षांनी अडीच रुपयांच्या आसपास लागू लागले. समितीने दाखविलेले सर्व कोटी जुन्या आकड्यानुसार खर्च झाले असते तरी निम्म्याहून अधिक काम शिल्लक राहण्याचा धोका होता. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ चा अनुशेष मोजला तो १४,००६.७७ कोटींचा निघाला. त्यात मराठवाड्याचे ४,००४.५५ कोटी होते. ७५१ कोटींचे ४,००५ कोटी झाले, हे वाक्य पुढे असंख्य भाषणांत आले. त्यातील किती वाढ मूल्यपातळीची, किती मानदंडांतील बदलाची व किती प्रत्यक्ष उपेक्षेची, हा प्रश्न मात्र भाषणांत आला नाही. साधा हिशेब असा की, मधल्या काळात एकही काम झाले नसते व सरासरीही तीच राहिली असती, तरी ७५१ कोटी केवळ किमतींमुळे १,९०० कोटींच्या आसपास पोचले असते. उरलेले सुमारे २,१०० कोटी नव्या मोजणीचे आणि पुढे गेलेल्या सरासरीचे. या फरकाकडे दुर्लक्ष केल्याने मराठवाड्याच्या बाजूचे निवेदन प्रभावी झाले, पण त्याचा पुरावा दुबळा झाला.

येथे औद्योगिक प्रोत्साहनाच्या धोरणाशी तुलना केली असता एक विलक्षण विरोध दृष्टीस पडतो. १९६४ पासून महाराष्ट्रात सामूहिक प्रोत्साहन योजना चालू झाली; तिच्या आधी १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ व नंतर १९६६ साली सिकॉम ही संस्था आली. चिकलठाणा आणि पुढे १९८० नंतरच्या दशकात वाळूज येथे जी कारखानदारी उभी राहिली तिच्यामागे या प्रोत्साहनाचा मोठा भाग आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाल्यावर सुटे भाग करणाऱ्या लहान उद्योगांची जी रांग त्याच्या मागे लागली, तिच्यावाचून आजच्या शहराची कल्पनाही करता येत नाही.

या योजनांतील एक प्रमुख सवलत विक्रीकर लांबणीवर टाकण्याची होती. कारखान्याने ग्राहकाकडून कर वसूल करावयाचा, परंतु शासनाकडे तो काही वर्षांनी, बिनव्याजी भरावयाचा. समजा, वार्षिक ८ टक्के दराने किमती वाढत आहेत आणि १०० रुपये बारा वर्षांनी भरावयाचे आहेत. तर त्या दिवशी त्यांचे खरे मूल्य सुमारे ४० रुपये उरते. बाकीचे ६० रुपये अर्थसंकल्पाच्या कोणत्याही शीर्षाखाली न दिसणारे अर्थसाहाय्य होय, आणि चलनवाढ जेवढी अधिक तेवढे ते मोठे. पुढे २००२ साली या स्थगित कराची रक्कम निव्वळ वर्तमान मूल्याने मुदतीपूर्वी भरण्याची मुभा देण्यात आली. पुढच्या वर्षांतील रुपया आजच्या रुपयाइतका नसतो, हे तत्त्व शासनाने या ठिकाणी विधिपूर्वक मान्य केले. अनुशेषाच्या रुपयाला मात्र ते लावण्यात आले नाही. एकाच शासनाच्या दोन दप्तरांत रुपयाचे दोन सिद्धांत नांदत होते.

यावरून एक सामान्य निष्कर्ष निघतो. शासनाची काही वचने वस्तूंत असतात, काही रुपयांत. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपाला मोफत वीज, हे २०२४ सालच्या योजनेतील वचन वस्तूंत आहे. सुमारे ४४ लाख ग्राहक आणि वर्षाला १४,७०० कोटींहून अधिक भार असा तिचा आरंभीचा अंदाज होता. विजेचा उत्पादनखर्च वाढला की हा भार कोणाच्याही मंजुरीवाचून वाढतो. कालव्याची तरतूद रुपयांत असते. सिमेंट, लोखंड व भूसंपादन महागले की त्याच तरतुदीत कालवा आखूड होतो. म्हणून चलनवाढीच्या काळात अर्थसाहाय्य आपोआप फुगते आणि भांडवली काम आपोआप आकसते. यासाठी कोणी दुष्ट हेतू बाळगण्याची गरज नाही. शिवाय कृषिपंपाच्या विजेचा काही भार औद्योगिक ग्राहकाच्या दरातूनही वसूल होत आलेला आहे. एकीकडे वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्याला कराची सवलत आणि दुसरीकडे त्याच कारखान्याला महाग वीज, अशा परस्परविरोधी उपायांच्या बेरजेला गुंतवणूक-धोरण म्हणावयाचे की नाही, हा प्रश्न उरतो.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेवरील चर्चेतही या भेदाचा अभाव जाणवतो. जुलै २०२४ पासून पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये देण्याच्या या योजनेचा वार्षिक खर्च आरंभी ४६,००० कोटी सांगितला गेला. राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या तो सुमारे एक टक्का होतो. एवढ्या हस्तांतराने राज्यात चलनवाढ उसळेल, हे भाकीत वरील कारणांसाठी स्वीकारता येत नाही. येथील वचन रुपयांत आहे, आणि किमती वाढतील तसतसे ते झिजणारे आहे. पण ही झीज मतदाराला प्रतिमास जाणवते. त्यामुळे २०२४ च्या निवडणुकीतच २,१०० रुपयांचे आश्वासन पुढे आले. अर्धवट कालव्याच्या झिजेला असा मतदार मिळत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४५,८०० कोटींहून अधिक महसुली तूट अंदाजिली होती. चालू खर्चासाठीच कर्ज काढावे लागते तेव्हा पहिली कात्री कोठे लागते, हे अर्थसंकल्पाच्या अभ्यासकास सांगावयास नको.

याच संदर्भात केली जाणारी एक तुलना तपासली पाहिजे. १९९४ चा संपूर्ण राज्याचा अनुशेष १४,००० कोटींचा आणि एका योजनेचा एका वर्षाचा खर्च ४६,००० कोटींचा, तेव्हा चार महिन्यांच्या रकमेत सारा अनुशेष संपला असता, असे म्हटले जाते. ऐकण्यास हे बिनतोड वाटते. परंतु त्यात तोच जुना दोष आहे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने मोजल्यास १९९४ ते २०२४ या काळात मूल्यपातळी सहा पटींहून अधिक वाढली. १४,००० कोटी आजच्या रुपयांत ८४,००० कोटींहून अधिक भरतात. म्हणजे चार महिन्यांचा नव्हे, तर जवळजवळ दोन वर्षांचा खर्च. तुलना तरीही बोलकी राहते, पण ती खरी होते.

यावर असा आक्षेप संभवतो की, भौतिक मापेही निर्विवाद नसतात. तो खरा आहे. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत, एकूण पीकक्षेत्राशी सिंचित क्षेत्राचे प्रमाण दशकभरात जवळजवळ स्थिर राहिल्याचे दिसले, त्यावर मोठे वादळ उठले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये शासनाला श्वेतपत्रिका काढावी लागली. निर्माण झालेली सिंचनक्षमता व प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र यांतील अंतर कसे मोजावे, यावर तज्ज्ञांत एकवाक्यता नव्हती. परंतु तो वाद निदान पाण्याविषयी होता. किती कोटी खर्च झाले यावर एकमत होणे सोपे असते. कारण त्या एकमताने कोणाचेच शेत भिजत नाही.

राष्ट्रपतींच्या आदेशानुसार १९९४ साली स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. तत्पूर्वी २०१३ साली डॉ. विजय केळकर समितीने तालुका हा घटक धरून व पाण्याला अग्रक्रम देऊन प्रश्नाची मांडणी बदलण्याचा प्रयत्न केला होता. पुढे केव्हाही अनुशेषाची नवी मोजणी झाली तर तिच्या प्रत्येक तक्त्यात दोन रकाने असणे आवश्यक ठरेल : एक भौतिक तुटीचा, आणि दुसरा त्या तुटीच्या चालू वर्षाच्या किमतीनुसार होणाऱ्या खर्चाचा. त्यांपैकी दुसरा दरवर्षी नव्याने लिहावा लागेल. पहिला मात्र जायकवाडीच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचल्यावरच बदलता येईल.